स्कोअर लिहिण्याआधी

१९७१ साली लंडनमध्ये रुग्णाचे पहिले सीटी स्कॅन होईपर्यंत मेंदूतला बिघाड नेमका कोठे आहे हे ठरवताना मानसशास्त्रीय चाचण्यांचा मोठा आधार घेतला जात असे. आता जागा स्कॅन दाखवते. मात्र हा माणूस घरचा हिशेब सांभाळू शकेल का, गोळ्या वेळेवर घेईल का, कामावर परतू शकेल का, हे स्कॅनवरून कळत नाही. न्यूरोसायकॉलॉजिकल मूल्यमापनाच्या, म्हणजे स्मृती, लक्ष, भाषा यांच्या चाचण्यांतून मेंदूचे काम तपासण्याच्या प्रशिक्षणात आम्ही सध्या शिकतो आहोत ते मुख्यतः या प्रश्नांसाठी.

मला सर्वांत जास्त शिकवले ते मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांच्या शब्दयादीच्या चाचणीने. १५ शब्द सेकंदाला एक या गतीने वाचायचे, समोरच्याने आठवतील तेवढे सांगायचे, आणि असे पाच वेळा करायचे. मग दुसरीच एक यादी एकदा वाचायची आणि लगेच पहिली यादी, न वाचता, पुन्हा विचारायची. सुमारे अर्ध्या तासाने तीच पुन्हा विचारायची आणि शेवटी इतर शब्दांत मिसळलेले मूळ शब्द ओळखायला लावायचे. समजा, अर्ध्या तासानंतर दोन व्यक्तींना चारचार शब्द आठवले. पहिली व्यक्ती ओळखण्याच्या वेळी जवळजवळ सगळे शब्द बिनचूक निवडते, म्हणजे शब्द साठले आहेत, ते बाहेर काढताना अडचण होते आहे. दुसरी व्यक्ती यादीत नसलेल्या शब्दांनाही ‘हो, हा होता’ म्हणत राहते. तिच्या बाबतीत साठवणच झाली नसावी अशी शंका येते आणि अल्झायमरचा विचार करावा लागतो. एकट्या चाचणीवर निदान होत नाही हे खरेच, पण गुण सारखे असूनही पुढची दिशा वेगळी होते. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला इजा झालेल्या सैनिकांवर काम करणारे अलेक्झांडर लुरिया आणि पुढे बोस्टनमध्ये ईडिथ कॅप्लन या न्यूरोसायकॉलॉजिस्टांनी केवळ गुण न पाहता चूक कोणत्या प्रकारची आहे हे पाहण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी.

नॉर्म्सचा, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या अपेक्षित गुणांचा भाग रुक्ष वाटतो, तरी तो टाळून चालत नाही. वय आणि शिक्षण यांनुसार अपेक्षित गुण बदलतात, आणि बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बॅटरीचे (चाचण्यांच्या संचाचे) महत्त्व हेच, की तिचे नॉर्म्स भारतीय लोकांवरून काढलेले आहेत. ट्रेल मेकिंग चाचणीच्या दुसऱ्या भागात आकडे आणि रोमन अक्षरे आळीपाळीने जोडायची असतात. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आजींना त्यात वेळ लागला, तर त्यावरून मेंदूबद्दल काहीच सांगता येत नाही. म्हणून आकडे आणि दोन रंग वापरणारी कलर ट्रेल्स चाचणी आपल्याकडे अधिक सोयीची पडते.

शब्दओघाच्या चाचणीत एका मिनिटात ‘क’पासून सुरू होणारे शब्द सांगायचे असतात. विशेषनामे चालत नाहीत. ‘करतो, करते, करणार’ हे एकाच शब्दाचे रूपांतर धरले जाते. ‘काका, काकू’ हा एक शब्द धरायचा की दोन, यावर मात्र आमच्यात रीतसर वाद झाला. माझे मत असे, की ज्या नॉर्म्सशी तुलना करायची त्यांनी जो नियम पाळला तोच आपण पाळावा, आणि प्रत्येक शब्द जसा उच्चारला तसा, पंधरा-पंधरा सेकंदांच्या चार रकान्यांत लिहावा. म्हणजे ओघ कोठे आटला आणि कोणता शब्द पुन्हा पुन्हा आला, हे नंतर तपासता येते.