हायब्रिड चालवायची ती ब्रेकने

‘पिकअप नाही’ आणि ‘सांगितलेलं अ‍ॅव्हरेज येत नाही’. हायब्रिड कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतलेल्यांच्या या दोन ठरलेल्या तक्रारी. गाडीत दोष नसेल, तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: गाडी बदलली, पण उजवा पाय अजून जुन्याच गाडीत आहे.

इथे बोलतोय ते स्ट्राँग हायब्रिडबद्दल, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत नुसत्या विजेवरही गाडी ओढू शकणारी मोटर असलेल्या, मारुतीच्या ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाच्या हायरायडरमधल्या. नावात ‘स्मार्ट हायब्रिड’ असलेली गाडी नुसत्या विजेवर एक इंचही चालत नाही, तिचा हिशेबच वेगळा. स्ट्राँगमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं अ‍ॅटकिन्सन सायकल इंजिन (ताकदीपेक्षा इंधनबचतीकडे झुकलेलं, सुमारे 92 पीएस म्हणजे अश्वशक्ती), सोबत 80 पीएसची मोटर. दोन्ही मिळून 115 पीएसच का, 172 का नाही? कारण मोटरला वीज पुरवणारी बॅटरी फक्त 0.76 किलोवॅट-तासांची आहे. ती टाकी नव्हे, गल्ला आहे. दिवसभर सुटे पैसे आत-बाहेर होत राहतात, साठून काही राहत नाही.

आणि गल्ल्यात पैसे टाकायचे ते ब्रेकने. माणसांसह दीड टनाची गाडी ताशी 50 किमी वेगाने जात असेल, तर तिच्यात साधारण 0.04 किलोवॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या पाच टक्क्यांच्या आसपास. ब्रेक हलका आणि लांबून लावला, तर यातला बराच भाग मोटर जनरेटर होऊन परत घेते. शेवटच्या क्षणी दाबला, तर मोटरला तेवढं एकदम पेलवत नाही, डिस्क-पॅड मध्ये पडतात आणि बरंचसं उष्णतेत जातं. मुंबईत जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पुढचा सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय उचला, मग ब्रेकवर नुसता टेकवा आणि मीटरचा काटा ‘चार्ज’च्या पट्ट्यात, पण टोकाच्या अलीकडे ठेवा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

सुटताना मात्र उलट करायचं, आणि इथेच बहुतेकजण चुकतात. इंजिन सुरू होऊ नये म्हणून गोगलगायीसारखे सुटतात. त्याने बॅटरी रिकामी होते आणि मग ती भरायला इंजिन धडधडत उभं राहतं, तेही नेमकं साकीनाक्याला गाडी जागची हलत नसताना. त्यापेक्षा इंजिनाला खुशाल कामाला लावा. चाळीस-पंचेचाळीसपर्यंत बेताच्या जोराने न्या, क्षणभर पाय पूर्ण उचला, इंजिन बंद झालं की पुन्हा अलगद टेकवा. तिथून पुढे सपाटीवर मोटर गाडी धरून ठेवते. ईव्ही बटण (नुसत्या मोटरवर चालवणारं) दाबून दाबून चालवण्यात बचत नाही. बाहेरून चार्जिंग नाही, म्हणजे ती वीजही शेवटी पेट्रोलमधूनच आलेली.

‘पिकअप नाही’ या तक्रारीतला अर्धा भाग कानाचा आहे. या ई-सीव्हीटीत, म्हणजे हायब्रिडच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, साध्या सीव्हीटीसारखा पट्टा नाही की गिअर बदलणं नाही. इंजिन, जनरेटर आणि मोटर एका प्लॅनेटरी गिअरसंचाने जोडलेले आहेत. त्यामुळे पाय दाबला की इंजिन थेट वरच्या आरपीएमला जाऊन तिथेच घोंगावत राहतं, वेग मागून येतो. क्लच घसरतोय असं वाटतं. पण घसरायला इथे तसला क्लचच नाही. उरलेला अर्धा भाग मात्र खरा. शंभर गाठायला बारा सेकंदांच्या आसपास लागतात, आणि लांब चढावर बॅटरी उतरली की मागे उरतं ते इंजिनाचं 92 पीएस. खंडाळ्याचा घाट पाच माणसं आणि सामानासकट चढताना ट्रकला ओव्हरटेक करायचं तर अंतर जास्त धरा. पॉवर मोडने ताकद वाढत नाही, पेडल तेवढं उतावीळ होतं.

उतारावर वेगळीच गंमत. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना दीड टनाची गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. कागदावर ही ऊर्जा दोन किलोवॅट-तास, म्हणजे बॅटरीच्या अडीचपट. अर्ध्या वाटेतच बॅटरी भरते, रिजनरेशन (ब्रेकने वीज परत घेणं) आखडतं आणि बराचसा भार डिस्कवर येतो. गिअर लिव्हरवरचा ‘बी’ याच वेळेसाठी आहे. तो जास्त वीज बनवतो हा गैरसमज. तो इंजिनाला फिरवत ठेवून वेग धरतो. मलबार हिलवरून चौपाटीला उतरताना ‘डी’ आणि हलका ब्रेक पुरे.

अटल सेतूवर शंभरने सलग गेलात तर ब्रेक नाही, म्हणून परत मिळकतही नाही. एआरएआयचे (वाहनचाचणी संस्थेचे) लिटरला 27.97 किमी तिथे शोधू नका. सकाळी दोन किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडून परत येण्यातही नाही, कारण थंड इंजिन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापवायला बॅटरी भरलेली असली तरी चालू राहतं. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून मे महिन्यात सिग्नलला इंजिन बंद असूनही गारवा टिकतो. मुंबईत हे सुख अ‍ॅव्हरेजपेक्षा मोठं. पण लांब थांबताना न्यूट्रल टाकू नका, न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. ‘डी’त ब्रेक धरा, नाहीतर ‘पी’.

आता पाऊस. मोटरवर गाडी शांतपणे पाण्यातून जाते, म्हणून धीर चढतो, आणि नेमकं हेच घातक. पाण्याच्या मध्यावर इंजिन कधी सुरू व्हायचं ते कंट्रोल युनिट ठरवतं, आपण नाही. पाणी एअर इनटेकपर्यंत चढलेलं असताना ते सुरू झालं, तर सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसलं तर गाडी वळवा. अडकलीच तर पुन्हा पॉवर बटण दाबून बघायचं नाही, हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही. टोइंगवाला पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू लागला तर थांबवा: मोटर चाकांशी कायम जोडलेली असते, चाकं फिरली की तीही फिरून वीज तयार करते. फ्लॅटबेडच मागवा.

याच दिवसांत सकाळी ब्रेकमधून खरखर येते. डिस्क कमी वापरली जाते, म्हणून गंज धरते. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, दोन-तीन वेळा ठाम ब्रेक मारला की जाते. गेली नाही तर कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावून घ्या.

आणि ती बारा व्होल्टची साधी बॅटरी. इथे नेहमीचा स्टार्टर नाही, त्यामुळे मरण्याआधी ‘घर्र घर्र’ असा इशाराही नाही. एक दिवस बटण दाबलं की ‘रेडी’ (गाडी चालायला तयार असल्याची खूण) येतच नाही, हायब्रिडची मोठी बॅटरी भरलेली असली तरी. गावाला दोन-तीन आठवडे जाणार असाल तर शेजाऱ्याकडे चावी द्या, आठवड्यातून एकदा अर्धा तास उघड्या जागेत ‘रेडी’त ठेवायला सांगा. बंद गॅरेजमध्ये नको, इंजिन मध्येच आपणहून सुरू होतं.