प्रश्नचिन्हाची भाषा

ॲप साधंच करायचं होतं. आपलं कोणतं पुस्तक कोणाकडे गेलंय, एवढीच नोंद. पण ते प्रोग्रामिंगच्या कोणत्या भाषेत लिहायचं हे ठरवण्यातच माझे तीन शनिवार गेले. तेवढ्या वेळात दारोदार फिरून निम्मी पुस्तकं परत आणली असती.

तसे पर्याय मोजकेच. आयफोनसाठी स्विफ्ट, अँड्रॉइडसाठी कोटलिन. दोन्ही डगरींवर हात ठेवायचा तर एकाच कोडातून दोन्हीकडची ॲप बनवणारी साधनं: फ्लटरबरोबर येणारी डार्ट, नाहीतर रिॲक्ट नेटिव्हमधली जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्टचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला म्हणे. मला नुसतं निवडायला वीस दिवस लागले!

माझा हात बसलेला जावावर (नाव सारखं, पण जावास्क्रिप्टहून वेगळी भाषा). त्यात लिहिलेलं माझं एक ॲप एकदा ऐन मध्यरात्री कोसळलं. पहाटेपर्यंत शोधल्यावर कळलं, की कुणीतरी आडनाव भरलंच नव्हतं. म्हणजे तिथे रिकामी अक्षरंही नव्हती, नल होता. मी त्या 'काहीच नाही'ची लांबी मोजायला गेलो होतो. हा नल संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. माझी एक रात्र त्यात धरलेली नसावी.

कोटलिनमध्ये (हे एका बेटाचं नाव, जावाही बेटच, या मंडळींना जमिनीवरची नावं सुचत नाहीत की काय?) नुसतं स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, असं लिहिलं की तिथे काहीतरी असणारच. नसण्याची शक्यता असेल, तर पुढे प्रश्नचिन्ह लावायचं. मग 'नसेल तर काय?' याची सोय केल्याशिवाय कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून यंत्रासाठी उतरवून देणारा प्रोग्राम, त्या अक्षरांना हात लावू देत नाही. फारच घाई असेल तर दोन उद्गारचिन्हं ठोकायची, 'आहे म्हटलं ना!' अशा थाटात. नसलं तर ॲप पडतंच, फक्त आता दोष द्यायला दुसरं कुणी उरत नाही. स्विफ्टमध्येही हीच व्यवस्था; तिथे हट्टाला एक उद्गारचिन्ह पुरतं. डार्टलाही २०२१ मध्ये हे शहाणपण आलं. पण खिशात अँड्रॉइड, वापरणारा मी एकटा, मग कोटलिनच.

चौथ्या शनिवारी लिहायला बसलो. पुस्तकाचं नाव: स्ट्रिंग. नेणाऱ्याचं नाव: स्ट्रिंग. दिल्याची तारीख, तीही पक्की. मग आली परत मिळाल्याची तारीख. तिच्यापुढे मी जराही विचार न करता प्रश्नचिन्ह टाकलं.