पन्हाळ्याच्या जांभ्यापासून अरियालूरच्या कालवांपर्यंत

कोल्हापुरात राहून जीवाश्मांचा नाद लागला की पंचाईत होते. जोतिबाचा डोंगर घ्या, पन्हाळा घ्या. जांभ्याखाली काळा पाषाण, सगळा थिजलेला लाव्हा. समुद्री शिंपल्याचा मागमूस नाही. म्हणून आमच्या गटानं तमिळनाडूतलं अरियालूर गाठलं.

रात्रीच्या बसनं बेंगळुरू, पुढं त्रिची. मुक्काम त्रिचीतच करा. अरियालूर तिथून सुमारे 70 किलोमीटर, रेल्वे सोयीची. आधी वारणवासीचं जीवाश्म संग्रहालय बघा, म्हणजे नजर तयार होते.

खरी मेजवानी कल्लनकुरिचीच्या चुनखडीच्या खाणीत. ग्रायफिया जातीची कालवं थरावर थर रचलेली. आम्ही एकापाशी बराच वेळ बसलो. खालची शिंप जाड, खोलगट, टोकाशी चोचीसारखी वळलेली. वरची चपटी, झाकणासारखी बसणारी. भिंगातून कडेचे वाढीचे पदर सुटे दिसतात. असे जाड शिंपले आणि त्यांचा चुरा ही उथळ, लाटांनी ढवळलेल्या समुद्राची खूण.

शिंपल्यांनी रचलेले खडक म्हटलं की खरं तर रुडिस्ट हे नामशेष शिंपले आठवतात: शंकूसारखी खालची शिंप, वर झाकण, एकमेकांना खेटून उभे. आखातातल्या कित्येक तेलसाठ्यांचा खडक त्यांच्यामुळेच तयार झाला. आपल्या देशात ते लडाखमध्ये सापडतात. अरियालूरला थर रचले ते कालवांनी. काळ साधारण 7.2 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्याकडं लाव्हा उसळला त्याच्या आगेमागेच! रुडिस्ट तेव्हाच नामशेष झाले. कालवं मात्र आजही मालवणच्या खडकांना चिकटलेली असतात. मला हे फार विलक्षण वाटतं. जीवाश्मतज्ज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का यांनी इथल्या शिंपल्यांचं बारकाईनं वर्णन केलं, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली.

खाणीत शिरायला लेखी परवानगी लागते, ती निघण्याआधीच मिळवा. हेल्मेट, जाड तळाचे बूट हवेत. कड्याखाली उभं राहू नका, भिंतीतले शिंपले उपटू नका. मोजपट्टी ठेवून फोटो काढा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं पाऊस, उन्हाळा असह्य, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जा. दुसरा दिवस हाताशी असेल तर सातनूरचं 18 मीटर लांबीचं दगड झालेलं झाड आणि कारईची घळईंनी चिरलेली माती बघा. कारई सकाळीच उरका, तिथं सावलीला झाड नाही. पाणी सोबत भरपूर घ्या.