दोन वाजून तेरा मिनिटांनी गेलेले मासे

अलास्काच्या नैर्ऋत्येकडील इलियाम्ना सरोवर सुमारे १२५ किलोमीटर लांब आहे. त्याच्या पश्चिम टोकाशी जिथून क्वीजॅक नदी बाहेर पडते तिथे इगियागिग हे सत्तरएक वस्तीचे गाव आहे. युपिक भाषेत या नावाचा अर्थ ‘पाणी गिळणाऱ्या घशासारखे’ असा होतो, आणि मचाणावर उभे राहून पाहिले की याहून नेमके नाव सुचत नाही. गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही, विमानाने यावे लागते. जून संपता संपता ब्रिस्टल उपसागरातून सॉकाय सॅमन या घशाकडे वर चढू लागतात आणि तीन-चार आठवडे त्यांची मोजणी चालते. त्या मोजणीवर मी हंगामी तंत्रज्ञ म्हणून काम केले. जुलैच्या पहिल्या आठवड्यातील एका रात्रीचा हिशेब माझ्या मनात अजून मिटलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नदीतले मासे माणूस डोळ्यांनी कसे मोजणार, असे अनेकांनी विचारले आहे. ते शक्य होते याचे श्रेय नदीलाच आहे. सरोवरात गाळ बसून गेलेला असल्यामुळे बाहेर पडणारे पाणी काचेसारखे नितळ असते. शिवाय मधल्या जोरदार ओढीत शक्ती घालवण्यापेक्षा मासे काठालगतच्या मंद पाण्यातून, जणू पाऊलवाटेने जावे तसे एका पट्ट्यातून वर जातात. त्या पट्ट्यावर दोन्ही तीरांना एकेक उंच मचाण आहे. मचाणासमोर नदीच्या तळाशी पांढरे फलक अंथरलेले असतात, म्हणजे माशाची काळसर पाठ त्यावर उठून दिसते. पाण्यावरची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा, रात्रीसाठी दिवा आणि दोन हातांत दोन क्लिकर, म्हणजे बटण दाबले की आकडा पुढे सरकवणारी छोटी यंत्रे, एवढीच साधने. उजव्या हाताने वर जाणारे मोजायचे, डाव्या हाताने खाली परतणारे, आणि शेवटी वजाबाकी करायची. थवा दाट झाला की एकेक मोजणे अशक्य होते. मग दहा माशांना एक टिचकी. दहा मासे एकत्र कसे दिसतात हे डोळ्याला शिकवायला मला आठ दिवस लागले. पुढे पुढे ते इतके अंगवळणी पडले की झोपेतही अंगठा हलत असे.

मोजणी दर तासाला प्रत्येक तीरावर फक्त दहा मिनिटे करायची, आणि आलेल्या आकड्याला सहाने गुणायचे. क्वीजॅकवर १९५५ पासून मचाणावरून मोजणी होत आली आहे. ब्रिस्टल उपसागरात ३२ फुटांपेक्षा लांब नसलेल्या शेकडो नौका जाळी टाकायच्या परवानगीची वाट पाहत असतात. किती मासे जाळ्यांतून सुटून सरोवराकडे पोहोचले, हे कळल्याशिवाय ती परवानगी किती वेळ द्यायची ते ठरत नाही. क्वीजॅकमधून सरोवराकडे पोहोचू द्यायच्या माशांचे उद्दिष्ट २० लाख ते १ कोटी असे आहे. २०२२ मध्ये साऱ्या ब्रिस्टल उपसागरात सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. असे आकडे बाहेरची माणसे सहज उच्चारतात, पण ते उभारताना अशा मचाणांवरच्या दहा-दहा मिनिटांची मदत घ्यावी लागते.

त्या रात्री माझी पाळी होती. सूर्य अकरा वाजून गेल्यावर मावळतो आणि काळोख असा कधी पडतच नाही; करडा उजेड राहतो. बारा आणि एकच्या मोजण्यांत सातशे ते नऊशे मासे वर गेले होते. दोन वाजता मी मोजणी सुरू केली आणि पहिल्याच मिनिटाला खालच्या अंगाने एक तरुण तपकिरी अस्वल पाण्यात उतरले. त्याला मासा पकडण्याची घाई दिसत नव्हती; ते नुसते पोटापर्यंतच्या पाण्यात उभे राहिले. फलकाकडे येणारे मासे थबकले, काही उलटे फिरले. मासे फलकाला असेही बिचकतात, गरुडाची सावली पडली तरी मागे सरतात. हंगामात फ्लोटप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, रेनबो ट्राउट मासे पकडायला येणारे पाहुणे तर मचाणाच्या खालीच निवांत पाण्यात उतरतात. त्यांना समजावून सांगण्यात माझी किती दहा मिनिटे गेली असतील ते मला आठवायचेही नाही. अस्वलाला निदान नदीची गरज आहे.

दहा मिनिटे संपली तेव्हा ६१ मासे वर आणि २३ खाली गेले होते. निव्वळ ३८. गुणिले सहा, २२८. मी तक्त्यावर आकडा लिहिला.

आता होडीने पलीकडच्या तीरावर जायचे होते. मी शिडीकडे वळले तोच अस्वल विलोच्या झुडपांत निघून गेले. दोन वाजून तेरा मिनिटांनी एक मासा फलक ओलांडून गेला, मागून पाच-सहा गेले, आणि मग सारा काठच वर सरकू लागला. मी होडी सुरू केली असती तर त्यांच्यामधून गेले असते, म्हणून उभी राहिले. अंगठा आपोआप चालू लागला होता. नऊ मिनिटे फलकाचा पांढरा रंग दिसला नाही. लहानपणी रत्नागिरीजवळ पहिल्या पावसात मी बाबांबरोबर बत्ती घेऊन चढणीचे मासे पाहायला जात असे. तेव्हा वहाळाच्या पाण्याला जिवंत कातडी असल्यासारखे वाटे. तीच भावना मला इथे पुन्हा आली. बाबा पाग टाकण्याआधी थोडा वेळ नुसते पाहत राहत, तशीच मी पाहत होते. थवा विरळ झाला तेव्हा क्लिकरवर पाच हजारांच्या वर आकडा होता, आणि त्यातला एकही तक्त्यावर जाणार नव्हता.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले: ‘२.०१ ते २.११ अस्वल; २.१३ ते २.२२ मोठा थवा, मोजणीबाहेर.’ मग पलीकडे गेले.

सकाळी रेडिओवरून आकडे खाली, परवानगी ठरवणाऱ्यांना, कळवले गेले. शेरे कळवण्याची पद्धत नव्हती, आणि हे मला आजही खटकते. आमच्यातल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्याने तक्ता पाहिला आणि म्हणाला, “सव्वादोनला मोजणी सुरू केली असतीस तर कुणी विचारलं नसतं.” त्याच्याइतका तयार डोळा मी दुसरा पाहिलेला नाही, अर्धवट उजेडात तो ग्रेलिंग आणि लहान सॉकाय वेगळे सांगतो. पण त्याला मोजणीत मिळकत दिसते, आणि आकडा मोठा आला की त्याचा चेहरा खुलतो. त्याचे ऐकले असते तर पाच हजारांना सहाने गुणून त्या तासाला तीस हजारांहून अधिक मासे झाले असते. प्रत्यक्षात गेले असतील फार तर सहा-सात हजार. मासे दिसल्यावर घड्याळ सुरू करणारा माणूस दर वेळी एकाच दिशेने चुकतो, आणि अशा चुका दिवसभरात एकमेकींना फेडत नाहीत. घड्याळावर चालणाऱ्या मोजणीतही चुका असतात, पण त्या कधी कमी तर कधी जास्त असतात. हे मला तेव्हाही पटत होते. तरी दिवसभर ते २२८ डोळ्यांपुढून जाईनात. मी पाहिलेले मासे कागदावर नव्हते आणि ते का नाहीत हे खाली कुणालाही ठाऊक नव्हते.

संध्याकाळी मी माझी त्या हंगामाची वही उघडली. माझ्या पाळीत आकडा एकदम उसळलेल्या तीन मोजण्या सापडल्या. त्यांतल्या एका वेळी थवा बरोबर माझ्या दहा मिनिटांत आला होता आणि पुढे फलक रिकामा पडला होता, हे मला स्पष्ट आठवत होते. त्या आकड्यालाही सहाने गुणले होते. न आलेले हजारो मासे मी त्या तासाच्या नावावर आनंदाने लिहिले होते, सहकाऱ्याला अभिमानाने दाखवलेही होते. त्या ओळीसमोर शेरा नव्हता. तिन्ही ठिकाणी नव्हता. निसटलेल्या माशांबद्दल मला हळहळ वाटली होती. वाढीव माशांबद्दल माझ्या मनात साधी शंकाही आली नव्हती. जे मी सहकाऱ्याला उघडपणे नाकारले होते, त्याचाच सौम्य प्रकार माझ्या शेऱ्यांच्या रकान्यात होता.

हे मासे सरोवरात पोहोचल्यावर लाल होतात आणि कुणी ओढ्यांत, कुणी बेटांच्या काठच्या खडीत अंडी घालून मरतात. समुद्रात दोन-तीन वर्षे काढलेल्या या शरीरांवर अस्वले, गरुड, ट्राउट आणि वर्षभर इलियाम्नातच राहणारे सील पोसले जातात. त्यांना त्या रात्रीचे पाच हजार मिळाले आहेत, हे मी स्वतःला अनेकदा सांगितले. कागदाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसऱ्या रात्री दोन वाजता मी पुन्हा त्याच मचाणावर होते. अस्वल आले नाही. मोजणी सुरू होताच थवा आला आणि दहा मिनिटे अंगठ्याला उसंत मिळाली नाही; निव्वळ आकडा १,९०८ झाला. मी होडीकडे गेले नाही, आणखी दहा मिनिटे उभी राहिले. अडीचशेच्या आसपास मासे गेले. मग तक्ता गुडघ्यावर धरून मी १,९०८ च्या समोर शेरा लिहिला: ‘थवा मुख्यतः मोजणीच्या आतच, २.१० नंतर विरळ.’ सकाळी रेडिओवर आकडे सांगून झाल्यावर, कुणी विचारले नसताना, मी दोन्ही रात्रींचे शेरे वाचून दाखवले. पलीकडून थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली, आणि मग मला पहिला शेरा पुन्हा, सावकाश वाचायला सांगण्यात आले.