पंचेचाळिसावा विभाजक

अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकासाठी मी प्रुफं तपासते. ऱ्हस्व-दीर्घ, रफार, अनुस्वार यांतच दिवस जातो. एका मे महिन्यात, गाइडांची झुंबड उडालेली असताना, गणितातल्या गमतीजमतींची एक पुस्तिका टेबलावर आली. लेखक निवृत्त शिक्षक. त्यातलं अख्खं पान एकाच संख्येवर: १२३४५६७८९८७६५४३२१.

डीटीपीवाल्या पोरानं इमानेइतबारे स्वल्पविराम घातले होते: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. उलटसुलट सारखी वाचायची संख्या, तिचं रूपच गेलं! खाली एका ठिकाणी अंकही गळलेला. सतरा अंक डोळ्यांनी ताडून बघण्यापेक्षा मी बेरीज घेते. ८१ यायला हवी, आली ७४. म्हणजे ७ गेला. चढतीचा की उतरतीचा, ते बघायला मात्र डोळेच लागतात.

सरांनी मजकूर छान दिला होता. ही संख्या १११११११११ चा वर्ग. अंकांची बेरीज ८१ आणि त्याच ८१ नं मूळ संख्येला पूर्ण भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्या. हे नाव देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी दिलेलं. (ते फर्ग्युसनचे विद्यार्थी, तेव्हा थोडा हक्क पुण्यालाही.) भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या स्थाननामांनी वाचायची तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू... ‘मध्य’ सगळ्यात पुढे, हे मला फार आवडलं.

शेवटची ओळ: ‘हिचे एकूण विभाजक ४४.’

इथे मी अडले. विभाजक जोडीजोडीनं येतात, पण पूर्ण वर्गात वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते. म्हणून त्यांची गणती नेहमी विषम. कागद घेऊन मूळ अवयव पाडले: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस.

सरांना फोन लावला.

“अहो बाई, मी स्वतः मांडून काढलेत. तुम्ही शुद्धलेखन बघा.”

“बघते सर. पण यादी तेवढी वाचून दाखवता का?”

कुरकुरत त्यांनी वाचायला घेतली. एक आणि ती संख्या स्वतः, मग ३ ची जोडी, ९ ची जोडी. मी रेघा ओढत गेले. बावीस जोड्या झाल्या.

“सर, यात नऊ एकांची संख्या कुठे आहे?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

“अहो, ती पहिल्याच ओळीत आहे की! म्हणून परत लिहिली नाही.”

दुसऱ्या दिवशी सर स्वतः स्कूटरवरून आले. सुवाच्य अक्षरात पंचेचाळीसच्या पंचेचाळीस विभाजक, लहानापासून मोठ्यापर्यंत. “आता हीच यादी छापा,” म्हणाले. चहा मागवला आणि मी वाचायला घेतली.

सोळावा विभाजक ३३६६७ असा पडला होता.