गरम झाली की बंद पडते

आमचं दुकान मुळात पंपाच्या मोटारी भरायचं (जळलेली तार काढून नवी गुंडाळायचं), कोल्हापूर उद्यमनगरात, अण्णांनी म्हणजे वडलांनी टाकलेलं. मॅग्नेटो, म्हणजे जुन्या गाडीत बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं यंत्र, काय असतो ते आमच्या गावी पण नव्हतं. एक दिवस एक रिटायर सर कापडी पिशवीतनं लुकास कंपनीचा मॅगडायनो (मॅग्नेटो आणि डायनामो एकत्र) घेऊन आले, बीएसए एम ट्वेंटीचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मिलिटरीनं वापरलेली ५०० सीसीची गाडी ती. म्हणाले मिस्त्री, एवढं आर्मेचर (तार गुंडाळलेला आतला फिरता भाग) भरून द्या. अण्णा म्हणाले, ठेवा की, तार ती तारच.

तर तार ती तारच नसते. आत जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो, मधेच कुठं इन्सुलेशन गेलं की सगळं उकलून पहिल्यापासनं. दुसरीकडनं भंगारात आणलेली दोन आर्मेचर शिकण्यातच गेली, मग सरांचं भरलं, स्पार्क चांगला निळा पडला, सर खूश होऊन गेले.

आठवड्यानं परत आले. म्हणाले, सकाळी एका किकला चालू होते, खंबाटकी चढून वर चहाला थांबलो तर पाय मोडायची वेळ आली तरी होईना, अर्ध्या तासानं आपली आपण चालू. अण्णांनी परत भरून दिलं, फुकट. परत तेच. तिसऱ्यांदा मी वैतागून आर्मेचर सरळ घरातल्या तव्यावर ठेवून तापवलं (आई जे ओरडली त्याचं काय सांगू नका) आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, तेव्हा कळलं की वाइंडिंगला काहीच झालं नव्हतं. आर्मेचरच्या टोकाला आत बसवलेला जुना कंडेन्सर गरम झाला की लीक व्हायचा, मग पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडताना ठिणगी पॉइंटवरच उडायची आणि प्लगपर्यंत काही पोचायचंच नाही. आम्ही दोन्ही वेळा तोच कंडेन्सर परत आत घालत होतो, येड्यासारखं.

तेव्हापासनं जुना कंडेन्सर आम्ही ठेवतच नाही, कितीही चांगला दिसूदे. भरलेलं आर्मेचर ओव्हनमध्ये ८० डिग्रीला तापवायचं आणि गरमच जिगवर (तपासायच्या स्टँडवर) हळू फिरवून ५ मिमीच्या गॅपमधनं स्पार्क सलग पडतो का बघायचं. गार असताना काय, सगळेच पास होतात.

लोक म्हणतात मॅग्नेटो बेभरवशाचा. अवो, बॅटरी नको काय नको, नुसता फिरला की स्वतःचा करंट स्वतः तयार करतो. बॉशनं १९०२ मध्ये हाय टेन्शन मॅग्नेटो काढला आणि छोट्या पिस्टन विमानांत आजपण इंजिनाला दोन-दोन असतात, उगीच नसतात घातलेले. एक आहे, किकला तो हळू फिरतो, त्यात फोर स्ट्रोकला इंजिनच्या निम्म्या वेगानं, म्हणून तेव्हाच स्पार्क कमजोर, आणि गाडी पळेल तसा जोर वाढत जातो. म्हणून चुंबकाचा जोर उतरलेला असला की गाडी ढकलून चालू होते पण किकला होत नाही.

निम्मे मॅग्नेटो मरतात ते आपल्याच हातानं. प्लगची वायर काढून लांबनं केवढा स्पार्क उडतो ते दोस्ताला दाखवायचं, त्यात आतलं इन्सुलेशन फुटतं. नाहीतर पिकअप आणि अर्थ ब्रश (आर्मेचरला टेकणारे कार्बनचे तुकडे) न काढताच आर्मेचर ओढायचं, स्लिपरिंगचा म्हणजे ब्रश टेकतो त्या कड्याचा तुकडा पडलाच. असलं काम आलं की मी आधी फोटो काढतो, नंतर भांडण नको.

मोटारी आता धाकटा भाऊ बघतो, माझ्याकडं पुणे, गोवा, बेंगळुरूहून कुरिअरनं डबे येतात. आत्ता टेबलावर एका ट्रायम्फ ट्विनचा (दोन सिलिंडरच्या गाडीचा) केटूएफ मॅग्नेटो आहे. पॉइंटचा गॅप एका सिलिंडरला १२ थाउ (इंचाचे हजारावे भाग) बरोबर येतो, दुसऱ्याला ९, पॉइंट उघडणारी कॅमरिंग बसते तिथं बॉडीच झिजलीय. गिऱ्हाईक म्हणतंय नुसतं वाइंडिंग करा. मी अजून हात लावलेला नाही.