२.८७ मैलांची पायवाट

इंग्लंडमधल्या एका काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, शालेय वाहतूक विभागात मी गेली अकरा वर्षे नोकरी करते. मुलांना शाळेत नेण्याआणण्यासाठी कौन्सिलकडून मोफत बस किंवा टॅक्सी मिळावी म्हणून पालक जे अर्ज करतात, ते आमच्याकडे येतात. आम्ही पात्रता तपासतो, होकार किंवा नकार कळवतो आणि नकारावर अपील आले की पहिल्या टप्प्यावर एक वरिष्ठ कर्मचारी त्याचा फेरविचार करतो. गेली काही वर्षे हा फेरविचार माझ्याकडे आहे. त्यांतले एक प्रकरण मला तपशिलाने लिहून ठेवावेसे वाटते, कारण त्या दिवशी चूक अर्जदाराची नव्हती, आमची होती, आणि तिच्यात माझाही वाटा होता.

प्रकरण समजण्यासाठी नियम थोडा सांगावा लागेल. मूल ज्या शाळेत जाते ती घरापासून सर्वांत जवळची, जागा उपलब्ध असलेली योग्य शाळा असेल, आणि आठ वर्षांखालच्या मुलाला २ मैलांपेक्षा किंवा आठ ते सोळा वयाच्या मुलाला ३ मैलांपेक्षा जास्त चालावे लागत असेल, तर कौन्सिलला मोफत वाहतूक द्यावीच लागते. ३ मैल म्हणजे साधारण ४.८ किलोमीटर. याखेरीज अपंगत्व किंवा विशेष शैक्षणिक गरजा, असुरक्षित मार्ग आणि कुटुंबाचे कमी उत्पन्न यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. आज हे सारे १९९६ च्या शिक्षण कायद्यात आहे. पण ३ मैलांचा आकडा त्याहून पुष्कळ जुना आहे. १८७० च्या कायद्यात तो आला तेव्हा ती सवलत नव्हती. शाळा ३ मैलांच्या आत नसेल, तर मूल शाळेत का जात नाही याचे समर्थनीय कारण पालकाला देता यावे, एवढाच त्याचा उपयोग होता. आठ वर्षांखालच्या मुलांसाठीचे २ मैल १९४४ च्या कायद्यातही होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या पायी चालणाऱ्या मुलाचे माप आम्ही आजही वापरतो, हे मला नेहमी विचारात पाडते.

हे अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत आणि मोटारीच्या रस्त्यानेही मोजत नाहीत. गरज असल्यास मोठ्या माणसाच्या सोबतीने मूल बऱ्यापैकी सुरक्षितपणे चालू शकेल, असा जो सर्वांत जवळचा मार्ग उपलब्ध असेल, तो धरला जातो. त्यात शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा आणि पाणंदीही येतात. शेतांतली, दिवे नसलेली, निर्जन वाटसुद्धा सोबत असल्यास उपलब्ध मार्ग ठरू शकते, असा निकाल तेव्हाचे इथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८६ मध्ये दिला, आणि आमचे निर्णय त्यावर उभे असतात. संगणकावर काउंटीतल्या सगळ्या रस्त्यांचे आणि वाटांचे जाळे असते. घर आणि शाळेचे फाटक निवडले की क्षणात आकडा समोर येतो.

या प्रकरणात तो आकडा २.८७ होता.

अर्ज एका आईचा होता. मुलगा अकरा वर्षांचा, नुकताच माध्यमिक शाळेत गेलेला. ऑगस्टमध्ये हे दोघे एका लहान खेड्यात राहायला आले होते आणि मुलाला सर्वांत जवळच्या शाळेतच प्रवेश मिळाला होता. त्यामुळे पहिली अट पुरी होती. पुष्कळ पालक तिथेच अडकतात. प्रवेशाच्या अर्जात दूरची शाळा पहिल्या पसंतीला लिहिताना वाहतुकीचा हक्क हातून जातो, हे त्यांना मार्चमध्ये शाळा मिळाल्यावर कळते. या बाईंचे तसे नव्हते. ऑक्टोबरमध्ये माझ्या सहकाऱ्याने त्यांचा अर्ज नाकारला तो फक्त अंतरावर, आणि समोर असलेल्या आकड्यावरून त्याला दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

अपिलाची मुदत वीस कामकाजाच्या दिवसांची असते. त्यांनी ती पाळली आणि सोबत दीड पान लिहून पाठवले. त्या एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करतात, पाळी सकाळी साडेसातला संपते, स्वतःची गाडी नाही, मुलाच्या बसभाड्यात आठवड्याचा बाजार अर्धा होतो, असे त्यात होते. कामाच्या ठिकाणचे पत्रही जोडले होते. वाचताना त्यांचे शब्द पटत होते आणि तरीही त्यांतल्या एकाही शब्दाचा उपयोग होणार नव्हता. पालकाने मुलासोबत चालावे अशी सर्वसाधारण अपेक्षा आहे आणि नोकरीच्या वेळा हे एवढेच कारण सहसा पुरेसे धरू नये, असे सरकारी मार्गदर्शनातच म्हटले आहे. कमी उत्पन्नाच्या तरतुदीत अकरा ते सोळा वयाच्या मुलाला सर्वांत जवळच्या तीन शाळांपैकी एका शाळेसाठी २ ते ६ मैलांपर्यंत हक्क मिळतो; पण तेव्हाच्या नियमानुसार त्यासाठी मूल मोफत शालेय जेवणाला पात्र असावे लागे, आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारे सरकारी साहाय्य) घेणाऱ्या कुटुंबाची करोत्तर कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या वर गेली की ती पात्रता जात असे. पूर्णवेळ रात्रपाळी करणारी बाई त्या मर्यादेच्या वरच असणार. हे नियम मी असंख्य पालकांना फोनवर समजावले आहेत आणि समजावताना मला कधी बरे वाटलेले नाही.

दीड पानाच्या शेवटी एक वाक्य होते: शेजाऱ्यांच्या गाडीने मोजले तर अंतर ३.३ मैल भरते. असे वाक्य जवळजवळ प्रत्येक अपिलात असते. गाडीचा आकडा आम्ही धरत नाही, म्हणून ते वाचून पुढे जायची सवय लागते. त्या दिवशी मी थांबले, याचे कारण एवढेच की फरक मोठा होता. नकाशा उघडला. गावच्या चर्चमागून एक पायवाट निघून शेते तिरपी ओलांडत होती, एका ओढ्यावरून जात होती आणि शाळेच्या खेळाच्या मैदानामागे बाहेर पडत होती. रस्त्याने अंतर ३.२१ होते. सारा निर्णय त्या हिरव्या तुटक रेषेवर टेकलेला होता, आणि आमच्या नकाराच्या पत्रात तिचा उल्लेखही नव्हता. पत्रात लिहिले होते, ‘सर्वांत जवळचा उपलब्ध चालण्याचा मार्ग २.८७ मैल आहे.’ कोणता मार्ग, ते कुठेच नव्हते.

मी त्यांना फोन केला आणि विचारले, “तुमचा मुलगा पायी गेला, तर कोणत्या वाटेने जाईल?”

“रस्त्याने. दुसरी वाट आहे कुठे?”

मी चर्चमागची वाट सांगितली. त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ती? आम्ही आल्यावर महिनाभर होती. ऑक्टोबरपासून ओढा वर आला आहे. कुत्री फिरवणारेही आता तिकडे जात नाहीत, आणि शेजारी सांगतात की मार्चपर्यंत असेच असते.”

फोन ठेवल्यावर मला माझेच नवल वाटले. माझे बालपण राजापूर तालुक्यात गेले. आमची शाळा वहाळापलीकडे होती आणि मध्ये लाकडी साकव होता. आषाढात पाऊस लागला की घरातले कुणीतरी आधी पाणी बघून येई, आणि त्याने हो म्हटल्यावरच आम्हाला दप्तरे उचलायची मुभा असे. गुरुजीही वहाळापलीकडच्या मुलांची त्या दिवसांत गैरहजेरी मांडत नसत. ज्या मुलीने रोज पाणी बघून शाळा केली, तिने अकरा वर्षांत एकाही पालकाला पाण्याबद्दल विचारले नव्हते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, रस्ता सुरक्षा विभागातल्या एका सहकाऱ्याला घेऊन मी त्या बाईंच्या घरापाशी उभी राहिले. मूल ज्या वेळी चालणार त्याच वेळी, आणि वर्षातल्या वेगवेगळ्या काळांतली परिस्थिती लक्षात घेऊन वाट तपासावी, असे मार्गदर्शन आहे, म्हणून ती वेळ. सूर्य उगवायचा होता. त्या रात्री बाईंनी पाळी लवकर सोडली होती. अंगावर वृद्धाश्रमाचा फिकट निळा गणवेश, वर मुलाचा असावा असा तोकडा रेनकोट आणि पायांत साधे बूट अशा त्या आल्या. मी त्यांना सांगितले, “तुम्ही यायची गरज नाही.” त्या म्हणाल्या, “मला बघायचे आहे, तुम्ही काय बघता ते.”

पहिला मैलभर काही नव्हते. फरसबंद पदपथ, नंतर गवताची रुंद कड. चर्चमागे कुंपणावरची लाकडी पायरी ओलांडून आम्ही शेतात उतरलो. गहू बोटभर वर आला होता आणि वाट त्यातून तिरपी गेली होती. चिकणमाती अशी की दहा पावलांत गमबुटांना खाली आणखी एक तळवा चढला. सहकारी टॉर्चच्या उजेडात टिपणे घेत होता. तो म्हणाला, “अंधार आणि एकटेपणा यांवर मला हरकत घेता येणार नाही, सोबत गृहीतच आहे. नुसत्या चिखलावर घेणेही कठीण आहे.” तो बरोबर बोलत होता. बाई ऐकत होत्या.

मग जमीन उतरू लागली आणि पायाखाली आवाज बदलला. ओढा अजून तीस-पस्तीस पावले पुढे होता, पण पाणी आमच्यापाशीच सुरू झाले होते. पलीकडे साकव दिसत होता. फळ्या धड, एका बाजूला कठडा, आणि तो स्वतः पाण्याच्या वर कोरडा. नकाशात बघणाऱ्याला तो पूल शाबूतच वाटला असता. पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट दोन्ही बाजूंनी बुडालेली होती. सहकारी मोजणीची काठी टेकत टेकत पुढे गेला आणि पुलाच्या पहिल्या फळीपाशी थांबला. चौदा इंच. पाणी साचलेले नव्हते, वाहत होते. काठीमागे त्याची बारीक शेपटी उठत होती.

बाईंनी मला कुंपणाकडे बघायला सांगितले. काटेरी तारेच्या वरच्या पदरावर, माझ्या कमरेच्या उंचीला, वाळलेले गवत ओळीने अडकलेले होते. सगळ्या काड्या एकाच दिशेला विंचरल्यासारख्या, आणि त्यांत खताच्या पिशवीची निळी दोरी गुंतलेली. कधीतरी पाणी तिथवर आले होते आणि ओसरताना आपली रेघ मागे ठेवून गेले होते. मी फोटो काढला. अहवालात मी आणि सहकाऱ्याने मिळून चार पाने लिहिली, पण पुढे ज्या कुणी तो अहवाल वाचला त्यांनी त्या फोटोबद्दलच विचारले.

परत फिरताना बाईंनी विचारले, “हे मी लिहायचे होते का? मला वाटले, आपली परिस्थिती सांगायची असते.”

त्यांना त्या वेळी मी जे सांगितले तेच इथे लिहिते. अर्जात वाटेबद्दल प्रश्नच नाही. पालकासमोर एक रिकामी चौकट असते आणि ‘अर्जाच्या समर्थनार्थ माहिती’ असे शीर्षक असते. त्या चौकटीत माणूस आपली ओढाताण लिहिणार, हे उघड आहे. ज्या गोष्टींवर निर्णय फिरतो, म्हणजे वाट, पाणी, पदपथ, रहदारी, जवळच्या शाळेत जागा होती की नव्हती, त्या त्याला माहीत असतात. पण त्या महत्त्वाच्या आहेत हे आम्हाला माहीत असते. हे दोन्ही एकत्र आणण्याची जबाबदारी पगार घेणाऱ्याची आहे, असे माझे ठाम मत आहे.

निर्णय त्याच दुपारी लिहिला. वर्षातून काही महिने पाण्याखाली असणारी वाट शाळेच्या वर्षभरासाठी उपलब्ध मानता येत नाही. त्यानंतरचा सर्वांत जवळचा मार्ग रस्त्याचा, ३.२१ मैलांचा, तो ३ मैलांहून जास्त आहे म्हणून मुलगा पात्र आहे. आईची नोकरी, गाडी, पैसे यांतले काहीही निर्णयात आणावे लागले नाही. पास त्याच आठवड्यात गेला आणि सप्टेंबरपासूनचे बसभाडे परत देण्याची शिफारस मान्य झाली. वेगळी गाडीही लावावी लागली नाही. पुढच्या गावची मुले घेऊन जाणारी कौन्सिलचीच बस त्यांच्या घरापासून दोनशे मीटरवर थांबत होती आणि तिच्यात सहा जागा रिकाम्या होत्या.

मग मी दोन गोष्टी शोधल्या. सार्वजनिक वाटांची देखभाल करणारा विभाग आमच्याच इमारतीत, एक मजला वर आहे. त्यांच्याकडे त्या साकवाजवळच्या पाण्याच्या तक्रारी सलग तीन हिवाळ्यांच्या नोंदलेल्या होत्या. आम्ही विचारल्या नव्हत्या आणि त्यांनी सांगायचे कारण नव्हते. दुसरे म्हणजे, त्या वाटेवर मोजून नाकारलेले जुने अर्ज. ते चार निघाले. दोन नकारांखाली माझी सही होती.

त्यांतली दोन मुले अजून शाळेत होती; त्यांना पास दिले. तिसऱ्या घरी वडील दोन वर्षे रोज गाडीने पोचवत होते आणि मुलगी शाळा संपवून गेली होती. त्यांना त्या काळाचा मैलांप्रमाणे खर्च देण्यात आला. पत्राचा मसुदा मी तीनदा लिहिला, कारण तयार नमुन्यात ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी’ असे होते आणि ते मला पुरेसे वाटले नाही. आमचा निर्णय चुकीचा होता, असे सरळ वाक्य घातले. व्यवस्थापकांनी ते तसेच ठेवले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता नकाराच्या प्रत्येक पत्रासोबत मोजलेल्या मार्गाचा नकाशा जातो. अर्जातल्या चौकटीआधी वाटेबद्दल प्रश्न घालावा ही माझी मागणी अजून मंजूर झालेली नाही, म्हणून तो प्रश्न मी फोनवर विचारते. चौथ्या कुटुंबाला लिहिलेले पत्र ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आले. अर्जावरचा जुना फोन नंबर बंद आहे. मुलाच्या शाळेकडून नवा पत्ता मिळतो का, यासाठी मी गेल्या सोमवारी पुन्हा लिहिले आहे.